गवत्यासाहेबांचं कुरण

आमच्या साहेबांच्या कचेरीत नकाशा भिंतीवर नव्हता, फरशीवर होता. शिरूर आणि दौंड अशा दोन तालुक्यांचा, कापडावर डकवलेला, चांगला बाजेएवढा. आधीच्या साहेबांच्या काळात तो भिंतीवर टांगलेला असायचा. हे आले, खुर्चीत बसले, नकाशाकडं जरा वेळ पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, "काढा तो. जमीन आडवी असते. भिंतीवर उभी केली की माणसाला वाटतं, ही आपल्याला सलाम करतेय." त्या दिवशी नकाशा खाली आला तो खालीच राहिला. काही दाखवायचं असलं की गुडघे टेकायचे, ओणवं व्हायचं आणि बोट ठेवायचं. आमचे हेडक्लार्क अंगानं भरलेले. त्यांना खाली बसवायला एक माणूस लागे आणि उठवायला दोन. एकदा प्रांतसाहेब आले, कडक इस्त्रीची पँट घालून. त्यांनाही आमच्या साहेबांनी "या, बसा" म्हणून फरशी दाखवली. प्रांत खुर्ची शोधत राहिले. पाहुण्यांच्या खुर्च्या साहेबांनी आल्या आल्याच रेकॉर्डच्या खोलीत टाकल्या होत्या. खुर्चीवरचा माणूस अर्धा तास बोलतो, ओणवा झालेला लगेच मुद्द्यावर येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्या हाताखाली रेंजर होतो. मी घोडनदीचाच, म्हणजे शिरूरचाच, मिशन कंपाउंडात वाढलेला, मिशनच्या शाळेत शिकलेला, आणि तोंडानं फटकळ. साहेबांचा मी लाडका होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यांचा लाडका कुणीच नव्हता. पण मी शेपूट घालणाऱ्यांतला नव्हतो, तेही नव्हते, त्यामुळं आमचं जमलं. भांडणं बख्खळ झाली, पण पाठीमागून कुणी कुणाला टोचलं नाही.

स्वराज्य येऊन दहाएक वर्षं होत आली होती तेव्हाची ही गोष्ट. आमची कचेरी म्हणजे बारा भानगडी. दोन तालुक्यांतली सरकारी रानं, कुरणं, दगड-मुरमाच्या खाणींचे परवाने, नदीतली वाळू, आणि शिरूरला घोड नदीच्या काठावर सरकारनं हौसेनं काढलेली एक बाग. ह्या सगळ्याचे मुखत्यार आमचे साहेब. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, खाकी अर्धी विजार, डोक्यावर उन्हाची हॅट आणि दाताखाली कायम गवताची एक काडी. विडी नाही, पान नाही, गवत. बोलायचं असलं की काडी डाव्या गालात जायची, रागावले की उजव्या. आम्ही दारातून डोकावून आधी काडी कुठं आहे ते बघायचो आणि मगच आत जायचो.

लोक त्यांना गवत्यासाहेब म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. शिरूरच्या बाजारात एकदा एक बाई रडणाऱ्या पोराला म्हणाली, "गप ऱ्हा, त्यो बघ गवत्यासाहेब आला." साहेब वळून म्हणाले, "आला, पण पोरं खात नाही. गवत आहे का घरात तेवढं विचारतो." बाई लाजून पदर तोंडाला लावून पळाली. साहेबांना ते नाव आवडायचं असा माझा संशय आहे.

खरं तर ते कोकणातले. दाराशी पोफळी, परसात फणस, अशा मुलखातून आलेला माणूस. ते रुजू होणार कळलं तेव्हा आम्हांला वाटलं, आता हे झाडांचा सपाटा लावणार. झालं उलटंच. पहिल्याच फेरीत ते दौंडाकडच्या माळावर उतरले, चालत टेकाडापर्यंत गेले, खाली बसले, मूठभर गवत उपटलं आणि मुळं नाकाशी धरली. आम्ही आपले उन्हात उभे. मग म्हणाले, "अहो रेंजर, हे रान आहे."

मी म्हटलं, "साहेब, इथं झाड औषधाला नाही."

"मी झाड कुठं म्हटलं? रान म्हटलं. ह्या मुलखात पाऊस येतो पाहुण्यासारखा. त्याच्या भरवशावर झाड जगत नाही, गवत जगतं. दोन वर्षं जनावरांचं तोंड लागू दिलं नाही तर गुडघ्याएवढं येईल. झाड कुणीही लावील. गवत ठेवायला छाती लागते."

हे शेवटचं वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणालो असतो. माझ्या बायकोनं एकदा मला परसातलं गवत काढायला सांगितलं तेव्हा मी तिला हेच ऐकवलं. तिनं खुरपं माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाली, "छाती ऱ्हाऊ द्या, हात चालवा."

साहेबांच्या बाईंचं ह्यावर वेगळंच मत. बाई मोठ्या प्रेमळ, पण त्यांनाही जीभ होती. मी बंगल्यावर गेलो की चहा पुढं करून म्हणायच्या, "माझ्या माहेरी आंगण शेणानं सारवलेलं. इथं आंगणात कुसळं. आणि ह्या गृहस्थांना त्याचंच कौतुक. उद्या मला म्हणतील, आमटी कशाला, मूठभर पवन्या गवत घाल ताटात." साहेब शेजारच्या खोलीतून म्हणायचे, "पवन्या गुरांना गोड लागतो. आमटीत मारवेल बरा." दोघांचं असं भिंतीपलीकडून चालायचं.

कुसळांवरून आठवलं. आमचे काही गार्ड कुरणाकडं न फिरकताच 'फिरती केली' म्हणून कळवायचे. जुनी खोड ती. साहेबांनी कुणाला कधी 'गेला होतात का' असं विचारलं नाही. गार्ड समोर आला की ते त्याच्या विजारीच्या काठाकडं बघत. पावसाळा सरला की आमच्या माळावर कुसळ इतकं पिकतं की चार पावलं चाला, विजार भरून जाते. काठ स्वच्छ दिसला की साहेब एवढंच म्हणत, "जाऊन या." हे कळल्यावर एका गार्डानं डोकं लढवलं. घराच्या छपरात जुन्या गवताचा पेंढा होता, त्यातली कुसळं काढून त्यानं बायकोकडून विजारीला टोचून घेतली आणि ऐटीत कचेरीत हजर झाला. साहेबांनी नीट बघितलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं. मग हेडक्लार्कांना हाक मारली, मला हाक मारली, शिपायालाही बोलावलं, आणि त्या गार्डाला मध्ये उभा करून म्हणाले, "हे बघा. आषाढ चाललाय. माळावर गवताला अजून पातं फुटतंय, आणि ह्यांच्या विजारीला पिकलेलं कुसळ आलं. ह्यांचं कुरण कुठल्या देशात आहे, मला एकदा दाखवा." गार्डाचं तोंड बघण्यासारखं झालं. शिक्षा काही झाली नाही. पण त्यानंतर तो गडी असा फिरायला लागला की त्याच्या बायकोनंच तक्रार आणली, नवरा घरी टिकत नाही म्हणून.

आणि ती बाग. वनमहोत्सव तेव्हा नव्यानं निघाला होता. दर पावसाळ्यात कुणी मोठे पाहुणे यायचे, हार घ्यायचे, रोप लावायचे, शेजारी त्यांच्या नावाची पाटी ठोकायची. फाल्गुनापर्यंत रोप मरायचं. मग पाटी गुपचूप काढायची आणि त्याच खड्ड्यात पुढच्या पाहुण्यांचं रोप. सगळीकडं हीच रीत. साहेबांनी आल्यावर हुकूम काढला: पाटी काढायची नाही. हेडक्लार्क म्हणाले, "अहो, पण झाड मेलं साहेब." साहेब म्हणाले, "झाड मेलं, लावणारे सुखरूप आहेत ना? मग त्यांची पाटी का काढता?"

दुसऱ्या साली तेच पाहुणे आले. हार घालून बागेत शिरले तो समोर स्वतःचं नाव, आणि नावाखाली एक वाळकी काटकी. मग आवाज खाली आणून विचारलं, "ह्याला पाणी कोण घालतं?"

"आपण लावलंत," साहेब म्हणाले, "मला वाटलं, आपणच घालत असाल."

मी मागं उभा होतो. म्हटलं, आता हे चिडणार. पण ते पाहुणे मनानं मोठे निघाले. हसले, आणि पुढच्या उन्हाळ्याआत बागेला विहीर मंजूर करून दिली. साहेब झाडांचे वैरी होते असं जे म्हणतात त्यांना मी हे मुद्दाम सांगतो. पाणी असेल तिथं झाड, नसेल तिथं गवत, एवढा साधा त्यांचा कायदा होता.

कायद्याला मात्र पक्के. बंगल्यावर बाईंनी हौसेनं एक गाय पाळली होती. शिपाई ती चरायला न्यायचा, आणि जवळचं म्हणून सरकारी कुरणात सोडायचा. साहेबांना फिरतीवर ती दिसली. त्यांनी स्वतः तिला हाकत नेऊन कोंडवाड्यात घातली आणि घरी येऊन जेवायला बसले. बाईंनी वाढता वाढता विचारलं, "गाय का नाही आली अजून?" साहेब म्हणाले, "अटकेत आहे. सोडवायला धन्यानं जायचं असतं, आणि गाय तुझ्या नावावर आहे." बाई पदर खोचून भर दुपारी कोंडवाड्यावर गेल्या, सगळ्या शिरूरनं बघितलं, आणि चार दिवस साहेबांना ताटात नुसता भात मिळाला. साहेबांनी तो मुकाट्यानं खाल्ला. "माझा कायदा मी पाळला, तिचा ती पाळतेय," असं मला म्हणाले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ह्या माणसाची खुर्ची जायची वेळ आली ती एका लहानशा कुरणापायी, आणि ती कशी राहिली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

खुटबावच्या पलीकडं दोन वाड्या आहेत. त्यांच्या मधोमध सरकारी माळ होता, एका टेकाडाच्या पायथ्याशी. सरकारी कागदावर त्याची नोंद 'पडीक'. साहेबांनी तो बंद केला. भोवती दगडाचा बांध घातला, गार्ड ठेवला आणि वाड्यांतल्या लोकांना बोलावून कायदा सांगितला. दसऱ्याआधी एक काडी उचलायची नाही. गवत फुलोऱ्यावर येऊ द्यायचं, बी खाली पडू द्यायचं. दसऱ्याला साहेब येऊन 'उचला' म्हणतील, मगच गवत घरी न्यायचं. आधी वाड्यांनी आपल्या गुरांपुरतं न्यायचं, उरेल ते लिलावात जाईल.

पहिल्या वर्षी लोकांनी शिव्या घातल्या. सखूबाई म्हणून एक होती, एकटी बाई, एका म्हशीवर घर चालवायची. तिची म्हैस इतक्या वेळा कोंडवाड्यात गेली की ती कोंडवाड्याच्या दारातच उभी राहून साहेबांना म्हणाली, "साहेब, तुमचं गवत तुमच्या मढ्यावर घाला." साहेबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षी गवत गुडघ्याला लागलं. दसऱ्याला सखूबाई डोक्यावर भारा घेऊन जाताना साहेबांपाशी थांबली, काही बोलली नाही, पण थांबली. तिसऱ्या वर्षी वाड्याच राखण करायला लागल्या. परगावचं शेरडू आत शिरलं तर गार्डाआधी सखूबाईच काठी घेऊन धावायची.

आणि त्याच वर्षी पुण्याहून हुकूम आला. पडीक माळ ट्रॅक्टरनं नांगरून झाडं लावा. वाड्यांच्या मधला हा माळ यादीत पहिला. साहेबांनी उलट टपाली दोन शब्द कळवले: जागेवर यावे. पुन्हा हुकूम आला. पुन्हा तेच दोन शब्द. हेडक्लार्कांना घाम फुटला. ते मला म्हणाले, "अहो, निवृत्तीला आलेला माणूस, वरची जागा मिळायची आहे, कशाला वाकड्यात शिरतो?" शेवटी पुण्याच्या साहेबांनी स्वतः येण्याचं कळवलं. खाली खरमरीत मजकूर: माळ पाहू. तिथे खरोखर गवत असेल तर ठेवू. नसेल तर त्याच दिवशी नांगर लागेल, आणि हुकूम न मानल्याबद्दल आपल्याला कार्यमुक्त करण्यात येईल.

साहेबांनी वाचलं, काडी डाव्या गालात घेतली आणि म्हणाले, "बरं झालं. गवतानं स्वतःच बोलावं."

ते वर्ष वाईट होतं. मृगात जरा शिंतोडे झाले, मग श्रावण कोरडा, भाद्रपदही कोरडा. शेतं करपली. वाड्यांची गुरं हाडांवर आली. पण बंद कुरणात, तेवढ्या ओलीवर, गवत उभं होतं. सगळ्या माळावर तेवढाच एक हिरवा-पिवळा तुकडा. वाड्यांचे कारभारी आप्पा, सत्तरीचा सज्जन माणूस, चार जणांना घेऊन शिरूरला आले. साहेबांपुढं, नकाशाच्या कडेला, हात जोडून बसले.

"साहेब, यंदा जरा आदी सोडा. जनावरं टिकायची न्हाईत."

"आप्पा, गवत अजून बी धरतंय. आत्ता नेलंत तर पुढच्या साली काय न्याल?" साहेबांचा आवाज त्या दिवशी नेहमीसारखा नव्हता. "आणि आणखी एक सांगतो. पुण्याचे थोरले साहेब कुरण बघायला येतायत. त्यांच्या मनात भरलं तर कुरण राहील. नाही भरलं तर नांगर फिरेल, आणि मीही जाईन."

आप्पा उठले. दारात थांबून म्हणाले, "काळजी करू नगा साहेब. आमी हाय."

आमचा तिथला गार्ड त्याच आठवड्यात तापानं घरी पडला. मी दुसरा पाठवणार होतो, पण साहेब म्हणाले, "नको. तिथं आता गार्ड लागत नाही."

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. जीप रहीमभाई चालवत होता, शिरूरचाच, जुना ड्रायव्हर. पुण्याचे साहेब त्यांच्या मोटारीतून परस्पर येणार होते. आमचे साहेब खुशीत होते. मला म्हणाले, "रेंजर, वारा सुटलेला असला तर बरं. गवत हललं की जिवंत दिसतं." मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या वळणावर रहीमभाईनं न सांगता ब्रेक दाबला. "या खुदा," म्हणाला.

समोर माळ तासून ठेवला होता. बांधापासून टेकाडापर्यंत सगळा. गवताची एक काडी उभी नव्हती. खरडलेल्या जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या, रस्त्यापासून मांडवापर्यंत. मांडवाला आंब्याचं तोरण, आत शाळेतून आणलेल्या खुर्च्या, टेबलावर धुतलेलं धोतर अंथरलेलं आणि त्यावर पाण्याचा तांब्या. बाया-बाप्ये धुतलेले कपडे घालून उभे. आप्पा नवा पटका बांधून पुढं आले. दोन दिवस विळा चालवून त्यांच्या हातांना फोड आले होते.

"बघा साहेब," आप्पा म्हणाले, "दोनी वाड्यांनी मिळून क्येलं. एक काडी उभी ठिवली न्हाई."

साहेब जीपमधून उतरले. त्यांनी हॅट काढली. आप्पांकडं पाहिलं, माळाकडं पाहिलं आणि आहेत तिथं खाली बसले. मला वाटलं, ते आप्पांच्या अंगावर जातील. मीच गेलो. "आप्पा, काय केलंत हे?"

आप्पा गोंधळले. "म्हंजी? कलेक्टर आल्तं तवा बी असंच क्येलं व्हतं. थोरला साहेब येनार आन् जागा तशीच ठिवायची व्हय? गवतातनं किरडू निघालं आन् त्यांच्या पायात आलं म्हंजी? आमचं साहेब जात्याल की."

काय बोलायचं ह्याला? मोठा माणूस येणार म्हटलं की जागा खरडून, रेघा मारून ठेवायची, हेच आपण वर्षानुवर्षं गावांना शिकवत आलो. ते शिकले, आणि ज्या माणसाला वाचवायचं त्याच्याच मुळावर आले. मला राग धरता येईना आणि सोडताही येईना.

तेवढ्यात पुण्याच्या साहेबांची मोटार आली. उंच, करडा माणूस. मांडवाकडं न जाता ते माळाच्या कडेला उभे राहिले. बुटानं माती उकरली. "हेच का तुमचं कुरण?"

आमचे साहेब उठून उभे राहिले. तोंडातली काडी कुठं पडली होती कुणास ठाऊक. त्यांनी नुसती मान हलवली, हो म्हणून.

"कागदावर पडीक लिहिलंय ते बरोबरच दिसतंय." पुण्याचे साहेब त्यांच्या कारकुनाकडं वळले. "ट्रॅक्टर दौंडात थांबलेत ना? बोलवा."

माझं डोकं सणकलं. मी आप्पांचा दंड धरला. "गवत कुठं गेलं? घरी नेलंत?"

आप्पांनी दंड सोडवून घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला. "साहेब, आमी चोर हाय व्हय? सरकारच्या कामाला सरकारचं गवत कापलं. घरला कशाला न्यायचं? चला, दावतो."

ते टेकाडाला वळसा घालून चालू लागले. मागोमाग मी, माझ्यामागं आमचे साहेब, आणि काय चाललंय ते बघायला पुण्याचे साहेब.

टेकाडामागं गवताच्या गंज्या होत्या. पुरुषभर उंच, नीट रचलेल्या, पेंढ्यांची तोंडं एका बाजूला केलेल्या. एकामागं एक, थेट नाल्यापर्यंत. त्या वाईट वर्षात, त्या करपलेल्या मुलखात, एका ठिकाणी एवढं गवत मी पाहिलं नव्हतं. पुण्याचे साहेब थबकले.

गंज्यांच्या पलीकडं बांध होता, आणि बांधापलीकडं वाड्यांची गुरं. वासानं सगळी गोळा झाली होती. बरगड्या मोजता येतील अशी. माना लांबवून, बांधावरून तोंडं पुढं काढून उभी. अलीकडं सखूबाई होती. स्वतःच्या म्हशीच्या तोंडावर आडवी काठी धरून ती तिला मागं रेटत होती. म्हैस रेटा देत होती आणि बाई पाय रोवून उभी होती. दोघींच्या अंगात जोर राहिला नव्हता.

पुण्याच्या साहेबांनी विचारलं, "हे एवढं गवत ह्या माळावर निघालं?"

"व्हय जी," आप्पा म्हणाले.

"आणि हे कुणाचं?"

"सरकारचं."

ते सखूबाईपाशी गेले. "बाई, ही म्हैस तुझी?"

"माजी."

"उपाशी दिसते."

"हाय की उपाशी."

"मग गवत समोर आहे. घालत का नाहीस?"

सखूबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू म्हणत होती, ह्या माणसाला एवढंही कळू नये? मग आमच्या साहेबांकडं बोट केलं. "आजून त्यांनी सांगितलं न्हाई."

पुण्याचे साहेब मागं वळले. मग कारकुनाला म्हणाले, "ट्रॅक्टर परत पाठवा. ह्या माळाला पडीक कोण म्हणालं, त्याचं नाव मला काढून द्या." आणि आमच्या साहेबांकडं न बघता, हात मागं बांधून, एकेका गंजीपाशी थांबत पुढं चालत गेले.

कुरण राहिलं. खुर्ची राहिली. मी साहेबांकडं वळलो, हसत, मोठ्यानं काही तरी बोलणार होतो. साहेबांचं लक्षच नव्हतं. ते त्या म्हशीकडं बघत होते.

"उचला," ते म्हणाले.

कुणी हललं नाही. दसऱ्याला अजून अवकाश होता, आणि हा माणूस दसऱ्याआधी असं म्हणेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग साहेबांनी स्वतः गंजीत हात घातले, कवळाभर गवत ओढून काढलं, बांधापाशी गेले आणि सखूबाईची काठी हातानं बाजूला करून ते म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं तोंड खाली घातलं. साहेब तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले आणि सगळ्या वाड्यांसमोर, पुण्याच्या कारकुनासमोर, माझ्यासमोर, रडायला लागले. लपवलं नाही, तोंड फिरवलं नाही.

बोलली ती सखूबाईच. पदरानं हात पुसत ती त्यांच्याजवळ गेली आणि घरच्या माणसाला समजावावं तशी म्हणाली, "रडू नगा साहेब. दसऱ्यापतुर थांबलो असतो आमी."